उण्याची तार

उमस या शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही, असं माझं जुनं मत आहे. उकाडा म्हणा, उष्मा म्हणा, दिल्लीकडची भाद्रपदातली हवा त्यात बसत नाही. पाऊस गेलेला नसतो आणि आलेलाही नसतो. टॉवेल वाळत नाहीत, मीठ बरणीत गोळा होऊन बसतं, आणि माणसं एकमेकांशी जरा कमी बोलतात. म्हणून इथे राहणारे आम्ही मराठी लोक सरळ 'आज काय उमस आहे' म्हणून मोकळे होतो.

या हवेत हिंडन नदीच्या काठाने कास नावाचं उंच गवत फुलतं. पांढरे तुरे बघून लांबून कुणाला वाटेल, काय सुरेख नदी आहे. जवळ गेल्यावर नाकाला रुमाल लावावा लागतो. आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी प्राजक्त आहे. त्याला सगळे हरसिंगार म्हणतात, एकट्या सबनीस काकू शेवटपर्यंत प्राजक्तच म्हणत राहिल्या. सकाळी झाडाखाली सडा पडायला लागला की माझा नवरा मनोहर शिडी आणतो आणि माळ्यावरून खोकं खाली काढतो. यंदाही परवा काढलं. खोकं टीव्हीचं आहे आणि आत उंदीर आहे.

उंदीर म्हणजे करड्या मखमलीचा, हातभर लांब, पोटाखाली चार चाकं असलेला. गणपतीचं वाहन म्हणून त्याला मूषक म्हणायचं, पण गाझियाबादेत तो 'चूहा' म्हणूनच जन्माला आला आणि चूहाच राहिला. त्याच्या पोटात रिमोटवर चालणारी मोटारगाडी आहे. ती मनोहरच्या मामेभावाने सिंगापूरहून आणली होती. खेळणंच, पण मोठ्या माणसांचं. वेग कमी-जास्त करायला तिच्यात एक छोटी डबी असते. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. मनोहर तिला 'कंट्रोलर' म्हणतो, मी डबी म्हणते. आमच्या त्या वर्षीच्या भाद्रपदाचा सगळा घोळ त्या डबीपासून सुरू झाला.

ते दिवस आता सांगताना गमतीचे वाटतात. घरोघर केबल येत होती, दर महिन्याला नवं चॅनेल दिसत होतं, आणि टीव्ही बनवणारा मनोहरचा कारखाना बंद पडत होता. दुकानांत परदेशी नावांचे सपाट, चकचकीत टीव्ही आले आणि आमच्या लाकडी पेटीसारख्या टीव्हीकडे कुणी ढुंकून बघेना. आषाढात कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. आम्ही नव्या फ्लॅटमध्ये येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सेक्टर नवा होता. रस्ते होते, रस्त्यांना दिवे नव्हते. सोसायटीला भारदस्त नाव होतं, पण कम्युनिटी हॉलला खिडक्या बसायच्या होत्या. बंगाली, मल्याळी, पंजाबी, पहाडी, सगळीकडची माणसं घाईघाईने येऊन राहिली होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याला विचारायचा, 'आप किस कंपनी में हैं?' या प्रश्नाशिवाय ओळखच होत नसे.

मनोहरने याचं उत्तर टाळायला एक युक्ती काढली. सकाळी अकरा वाजता हाफपँटवर दूध आणताना सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी फाटकात भेटले. त्यांनी भुवया उंचावल्या. मनोहर म्हणाला, "छुट्टी पर हूँ. गणपति की."

"अच्छा! कितने दिन की?"

"जब तक गणपति हैं."

तेव्हा श्रावणही लागला नव्हता. त्यागीजी थक्क झाले. आठवड्याभरात साऱ्या सोसायटीत पसरलं, की महाराष्ट्रवालों की तो मौज है, गणपतीची दोन-दोन महिने भरपगारी रजा मिळते. भाजीवाल्यानेही मला विचारलं. मी 'हो' म्हटलं. मी तेव्हा नुकतीच जवळच्या एका शाळेत हिंदी शिकवायला लागले होते. मिरजेची बाई गाझियाबादच्या पोरांचं हिंदी शुद्धलेखन तपासत होती, तेव्हा त्यातल्या त्यात हे खोटं मला फार मोठं वाटलं नाही.

मोठं होतं ते दुसरंच. सांगलीला मनोहरच्या थोरल्या भावाचं पंखे आणि मोटारी वाइंडिंगचं दुकान होतं. एसटीडी बूथवरून बोलताना भाऊ म्हणाले, "दुकानावरची खोली रिकामी आहे. या निघून." मनोहरला तसंच निघून जायचं होतं, कुणाला काही न सांगता, एखाद्या सकाळी टेम्पो बोलावून. मला जायचं नव्हतं. हे मी त्याला सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, त्याने ऐकलंही होतं, आणि पुढे काही झालं नव्हतं. फ्लॅट, नोकरी, गॅसचा नंबर, कशाचाही विषय काढला की तो म्हणे, "अनंत चतुर्दशीनंतर बघू." मला त्या वर्षी अनंत चतुर्दशीची धास्ती वाटायची. देवाला निरोप द्यायच्या दिवसाची अशी धास्ती वाटणं बरं नाही, हे कळत होतं, तरी वाटायची.

आणि खरोखरच गणपती आले. ते सबनीस काकूंनी आणले. काकू सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत तीस वर्षं राहून, यजमान निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीत आल्या होत्या. तिथे त्यांनी गणपती बसवले होते, हळदीकुंकवं केली होती, नाटकं बसवली होती. इथे येऊन पाहतात तो मराठी घरं पुरती डझनभरही नाहीत. पण काकूंचा हिशेब वेगळा होता. "आरती म्हणायला चार गळे आणि झांज वाजवायला एक माणूस. बस. बाकी पब्लिक आपोआप येतं," असं त्या म्हणायच्या. त्यागीजी म्हणाले, "हॉल ले लीजिए, मैडम. इस साल देख लेते हैं." म्हणजे आवडलं तर पुढच्या वर्षी, नाही तर नाही.

मग काकूंनी ठरवलं, की हलता देखावा हवा. देखाव्याशिवाय गणपती म्हणजे त्यांना फोडणीशिवाय वरण वाटे. मनोहर रजेवर होताच. एका बाजूला गणपती, समोर प्लायवूडचा चढ, त्यावर हिरवं कापड, आणि आरतीच्या आधी मूषक पाठीवर मोदकांचं ताट घेऊन चढ चढून देवापर्यंत जाणार. मखमल काकूंनी सरोजिनी नगरच्या बाजारातून आणली. कान मी शिवले. एक कान थोडा मोठा झाला, तो अजून तसाच आहे.

मनोहर बऱ्याच दिवसांनी सकाळी दाढी करून हॉलवर जायला लागला.

रिकामा उंदीर झकास चढला. मग काकूंनी ताटात मोदकांच्या वजनाचे बटाटे ठेवले. उंदीर निम्म्यावर गेला, थबकला आणि एकदा अंग झटकून मान टाकल्यासारखा मागे घरंगळत आला. बटाटे हॉलभर झाले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काकूंची नात केतकी तेव्हा दहा वर्षांची होती. ती टाळ्या पिटत होती. काकूंचा चेहरा मात्र उतरला. "अरे मनोहर, देवाचं वाहन देवाकडे जायला नाही म्हणतंय. चार लोकांत हे बिल्कुल चांगलं नाही दिसणार."

मनोहरने मला त्या वेळी जे समजावलं ते मला अजून येतं. चढावर ओझं ओढताना मोटर एकदम जोरात वीज खेचते. तेवढ्या क्षणापुरता बॅटरीचा दाब पडतो आणि डबीची शुद्ध हरपते. आपल्याकडे फ्रिज सुरू झाला की बल्ब मंद होतो ना, तसंच. वीज संपलेली नसते, फक्त त्या क्षणी पोचत नाही. त्यावर उपाय म्हणजे डबीला जोडून कपॅसिटर बसवायचे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखे ते सावकाश भरून राहतात आणि नळ गेला की तेवढ्यापुरतं भागवतात.

"किती वेळ भागवतात?" मी विचारलं.

"डोळ्याचं पातं लवेपर्यंत. तेवढंच लागतं," तो म्हणाला. हे वाक्य मी तेव्हा लक्षात ठेवलं, कारण त्या अख्ख्या महिन्यात तो माझ्याशी एवढं बोलला नव्हता.

लाल किल्ल्यासमोरच्या बाजारातून त्याने तीन कपॅसिटर आणले, ते एकत्र बांधले, सोल्डर केले, वरून टेप गुंडाळली आणि दोन तारा बाहेर काढल्या. या कपॅसिटरचा एक पाय अधिकाचा आणि एक उण्याचा असतो, आणि तो उलटा जोडून चालत नाही. दोन्ही तारा पांढऱ्या होत्या, म्हणून उण्याच्या तारेला खूण म्हणून त्याने काळी टेप लावून ठेवली आणि जेवायला घरी गेला.

तो हरतालिकेचा दिवस होता. काकूंचा कडक उपास होता. हॉलमध्ये एकट्या बसून त्या मखमलीला गोट लावत होत्या. दुपारी मनोहर परतला, मागोमाग मी आणि केतकीही आलो. त्याने तारा बघितल्या, बॅटरीला जोडल्या आणि उंदीर खाली ठेवला. आधी कढईत पाणी पडल्यासारखा चर्र आवाज आला. मग फट्दिशी काहीतरी फुटलं, उंदराच्या पोटातून धूर निघाला आणि खिडक्या नसलेल्या त्या हॉलमध्ये एक चमत्कारिक वास पसरला.

काकूंनी नाकाला पदर लावला. "आज हरतालिका, आणि मासळी कोण तळतंय?"

मनोहर गुडघ्यांवर बसून राहिला होता. वीस वर्षं ज्याने रोज शेकड्यांनी हे जोडलेले तपासले, त्याच्या हातून हे व्हावं! त्याचा चेहरा मला बघवेना. त्याला वाटलं असणार, की कारखाना गेला तशी अक्कलही गेली. त्याने मखमल उचलली, तारा हातात घेतल्या आणि म्हणाला, "पण मी लाल टेप लावलीच नव्हती."

"ती मी लावली," काकू म्हणाल्या. अगदी अभिमानाने म्हणाल्या. "तू काळी लावून गेला होतास. देवाच्या कामात काळं कशाला? मी काढली आणि त्याच तारेला छान लाल लावून टाकली."

जगभरच्या कारागिरांनी लाल म्हणजे अधिक आणि काळं म्हणजे उणं असं ठरवून ठेवलंय. हे काकूंना माहीत असायचं कारण नव्हतं. संक्रांत सोडून काळं नको, हे त्यांना माहीत होतं. मनोहर त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा उठून जाईल आणि थेट टेम्पो बोलावेल. पण त्याच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. तो हसत होता. आषाढापासून पहिल्यांदा हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग मलाही आवरेना, आणि काकू रागावून म्हणाल्या, "यात हसण्यासारखं काय आहे?"

"काकू, ती उण्याची तार होती," तो म्हणाला.

"उणं मतलब?" केतकीने विचारलं.

काकूंनी कपाळावर हात मारला. "बघा, ही आमची नात. उणं म्हणजे गं, माइनस. कमी." आणि मग त्याच दमात मनोहरला, "पण मी म्हणते, देवाच्या दारात उणं हवंच कशाला?"

"त्याच्याशिवाय गाडी हलत नाही, काकू."

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. लाल किल्ल्यापर्यंत जाऊन यायला वेळ नव्हता. मी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पळाले. इकडे कपॅसिटरला कंडेंसर म्हणतात हे मला ठाऊक होतं.

"भैया, कंडेंसर चाहिए."

"पंखे का कि कूलर का?"

मी धापा टाकत होते. तोंडून निघून गेलं, "चूहे का."

दुकानदार शांतपणे म्हणाला, "चूहे का नहीं आता."

घरी येऊन हे मनोहरला सांगितलं, तेव्हा तो आमच्या टीव्हीसमोर उभा होता. त्यांच्या कारखान्याचं शेवटचं मॉडेल. कामगारांना सवलतीत दिलेलं. त्याने प्लग काढला, टीव्ही फिरवून भिंतीशी तोंड करून ठेवला आणि मागचं झाकण उघडलं. आत काय कुठे आहे ते त्याला शोधावं लागलं नाही. जुन्या घरातल्या माणसाचा हात अंधारात बटणावर जावा तसा त्याचा हात गेला. मला त्या वेळी वाईट वाटलं, आणि ते टीव्हीसाठी नव्हतं. शेजारच्या घरातून कुठल्याशा नव्या चॅनेलवरचं गाणं ऐकू येत होतं.

संध्याकाळी हॉलमध्ये त्याने टीव्हीतले कपॅसिटर बसवले. काकू शेजारी पाट घेऊन बसल्या होत्या, राखणीला. मनोहरने खिशातून काळी टेप काढली, त्यांच्याकडे पाहिलं आणि परत खिशात टाकली. "उण्याला तुमची लालच राहू दे," तो म्हणाला. "मी लक्षात ठेवीन."

"मग अधिकाला पिवळी लाव. हळद-कुंकू होईल," काकू म्हणाल्या.

त्याने पिवळी लावली.

चतुर्थीच्या संध्याकाळी हॉल भरला. काकूंचं पब्लिक आपोआप आलं होतं. बंगाली बायका दुर्गापूजेला नेसतात तसल्या साड्या नेसून आल्या, मुलं पहिल्या रांगेत मांडी घालून बसली. मनोहर खांबाआड रिमोट घेऊन उभा राहिला. ताटात एकवीस मोदक होते, बटाट्यांइतकेच जड. उंदीर निघाला. निम्म्यावर, जिथे रोज मान टाकायचा तिथे, त्याचा वेग जरासा कमी झाला. काकूंनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. उंदीर थबकला नाही. तसाच वर गेला आणि गणपतीच्या पायाशी थांबला. त्याचा मोठा कान हलत होता.

टाळ्या पडल्या. त्यागीजी सगळ्यांत जोरात वाजवत होते. ते खांबाआड आले आणि मनोहरला ओढून पुढे घेऊन गेले. "भाई साहब, कमाल कर दिया! कल तो सुना था, चूहा बीच में सो जाता है?"

मनोहरने त्यांना टाकीचं उदाहरण देऊन सांगितलं.

"ये कंडेंसर मिले कहाँ से?"

"अपने टीवी से निकाले."

"अरे, घर का टीवी क्यों खोल दिया? अपनी कंपनी से मँगा लेते!"

सगळे ऐकत होते. हॉलमध्ये उदबत्तीचा धूर होता, जनरेटर घरघरत होता. मनोहरने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो आता म्हणेल, रजेवर आहे ना.

"कंपनी बंद हो गई, त्यागीजी," तो म्हणाला. "आषाढ में."

"तो ये छुट्टी...?"

"छुट्टी ही छुट्टी है."

पहिल्यांदाच कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही. आरती त्यागीजींनी करायची ठरली होती. हॉल त्यांनी दिला होता ना. काकूंनी निरांजन पेटवलं, ताट उचललं, त्यागीजींना ओलांडून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मनोहर, आरती तू धर." झांजा सुरू झाल्या. मनोहरने ताट धरलं. ज्योत हलत होती, पण ती पंख्याने हलत होती असं मी त्या वेळी ठरवून टाकलं. मराठी घरं थोडीच होती, तरी आवाज मोठा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यागीजी बगलेत स्टॅबिलायझर मारून दारात हजर. "ज़रा देखिए तो, टक-टक करता रहता है." त्यांच्यामागून पहाडी बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. दहा दिवसांत आमची बाल्कनी पाय ठेवायला जागा नाही इतकी भरली. गाझियाबादची वीजच तशी आहे, आणि तिच्या लहरीवर कुणाचं ना कुणाचं पोट चालायचंच. पुढे त्याने इन्व्हर्टर बनवले, मार्केटमध्ये गाळा घेतला. थोर काही झालं नाही, पण आम्ही राहिलो. सांगलीची खोली भाऊंनी एका शिंप्याला दिली. अनंत चतुर्दशीनंतर बघू म्हणालो होतो, ते आम्ही अजून बघितलेलं नाही.

आता आमच्या सोसायटीचा गणपती मोठा झाला आहे. मंडप असतो, ढोलपथक येतं, मुलांच्या नाचाच्या स्पर्धा होतात. उंदराकडे मुलं फार लक्ष देत नाहीत, त्यांच्या हातात त्याहून हुशार खेळणी आहेत. काकूंना जाऊन तीन गणपती झाले. उंदीर मात्र पहिल्या दिवशी चढतो. तो चढल्याशिवाय आरती करायची नाही, असं त्यागीजींनीच ठरवून ठेवलं आहे. ते आता काठी टेकत येतात आणि दर वर्षी विचारतात, "चूहा तैयार है?"

यंदा तयार नव्हता. परवा खोकं उघडून चालवून बघितला, तर जुन्या दिवसांसारखा मध्येच झोपला. कपॅसिटर वाळतात म्हणे आतून. इतकी वर्षं टिकले हेच खूप. टीव्ही कधीच भंगारात गेला, त्याचा तेवढाच अंश चालत होता. मनोहरने नवे आणले. पण त्याचा मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. रंग त्याला सगळे धुरकट दिसतात. माझा हात सोल्डरिंगला स्थिर नाही. शेवटी केतकी बसली. ती आता गुडगावात नोकरी करते, गणपतीला आजीच्या रिकाम्या घरी येऊन राहते. मराठी तिचं आहे तसंच आहे, अर्धी वाट मराठीत आणि अर्धी हिंदीत.

तिने जुने कपॅसिटर कापून काढले. टेपचे तुकडे अजून तारांना होते, मळलेले, कडेने सुटलेले. मनोहर समोर खुर्चीत बसला होता. त्याला दिसत नव्हतं.

"उण्याची तार कुठली, केतकी?" त्याने विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. जगात कुणालाही विचारलं असतं तरी त्याने काळी शोधली असती.

"लाल," ती मान वर न करता म्हणाली. "आजीवाली."

"आणि अधिकाची?"

"ती काय, जो बची वही."

तिने डाग दिला, फुंकर मारली आणि उंदीर जमिनीवर ठेवला.